रीजन ३ वर की १ वर?

ईव्ही घेतली की महिनाभरात हा प्रश्न पडतोच: रेंजसाठी रीजन, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरनेच गाडी हळू करून वीज बॅटरीत परत भरणं, कडक (३) ठेवायचं की हलकं (१)? मी साताऱ्यात २४ युनिटच्या बॅटरीची छोटी गाडी चालवतो. दोन्ही बरेच दिवस करून बघितलंय.

कडक रीजनची किंमत कासला जाताना यवतेश्वर घाटात कळते. कास साताऱ्याहून साधारण ५०० मीटर उंच. चार माणसं धरून गाडी दीड टनाची, म्हणजे नुसत्या चढालाच दोनेक युनिट जातात. उतरताना ३ वर ठेवलं तर त्यातलं बरंचसं परत मिळतं, शिवाय ब्रेक तापत नाहीत. मात्र वर मुक्कामाला १०० टक्के चार्ज करून उतरू नका, भरलेल्या बॅटरीत परतीची वीज घ्यायला जागाच नसते. पोवई नाक्याच्या गर्दीतही ३ च बरं.

हायवेवर माझं मत फिरलं ते आईमुळे. मामाकडे कराडला निघालो होतो, रीजन ३ वर. पुढे ट्रक आला की मी पाय उचलायचो, सगळ्यांच्या माना पुढे. परत पाय दिला की माना मागे. उंब्रजच्या आधीच तिने गाडी थांबवायला लावली. "अरे, सारखा ब्रेक कशाला मारतोस?" मी ब्रेकला पायही लावला नव्हता. एसटीत कधी न मळमळणारी बाई रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसली, ते मला फार लागलं.

येताना १ वर आणलं. लांबूनच अंदाज घेऊन पाय उचलायचा आणि गाडी घरंगळू द्यायची. घरी पोचलो तर बॅटरी नेहमीपेक्षा चारेक टक्के जास्त उरलेली. वारा, वजन, वेग यांनीही फरक पडतो, त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण पुढच्या फेऱ्यांतही साधारण तसंच दिसलं. वेगाची वीज करायची आणि विजेचा पुन्हा वेग, यात दोन्हीकडे थोडी गळती होतेच. गाडी घरंगळली की ती वाचते. त्याहून मोठा फरक वेगाचा: १०० वरून ८० वर आलात तर हवेचा रोध तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो.

गावातच फिरणं असेल तर ३ खुशाल ठेवा. कराड-कोल्हापूरच्या फेऱ्या असतील आणि मागे घरची माणसं बसणार असतील, तर मी १ च सांगेन. आई आता उंब्रज यायच्या आत झोपलेली असते.