कुंभारगावची बोट राईड: पैसा वसूल!
भिगवणजवळच्या कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला सगळेच जातात, पण आम्हाला चक्क पाणचिरा (इंडियन स्किमर) हा दुर्मिळ पक्षी दिसला, लालकेशरी चोच, खालची वरचीपेक्षा लांब आणि तीच पाण्यात बुडवून पाणी चिरत चाललेला! आमच्या नावाडीदादांनी लगेच शेजारच्या बोटीला हाक मारली, त्यांनी पुढच्याला, मग काय, पाच मिनिटांत अनोळखी लोक एकमेकांना कॅमेऱ्यातले फोटो दाखवतायत. दादा मूळचे मच्छीमार, उजनी धरणाचं बॅकवॉटर तोंडपाठ, आणि पक्ष्यांपासून अंतर राखून इंजिन बंद करतात हे फार आवडलं (काही बोटवाले फोटोसाठी मुद्दाम थवा उडवतात, डोकंच फिरतं). लाईफ जॅकेट मात्र ओलं आणि कुबट. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य उगवायच्या आत पोचा, नंतर चिलापी मासा फ्राय खाऊनच निघा.