खरेदीआधी मालकी आणि बोजा ऑनलाइन तपासणे : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात दोन खरेद्यांचे ठरले. आईसाठी सातारा जिल्ह्यात दीड-दोन एकर शेतजमीन आणि माझ्यासाठी पुण्यात एक जुना फ्लॅट. वडिलोपार्जित जमिनीचा आठ-अ खाते उतारा आईच्या नावावर असल्यामुळे शेतकरी असल्याचा पुरावा हाताशी होता. पुढच्या आठ महिन्यांत चार जमिनी आणि दोन फ्लॅट यांचे अभिलेख वकिलांकडे जाण्याआधी मी स्वतः घरी बसून तपासले. त्या सहांपैकी चार व्यवहार आम्ही सोडून दिले आणि चारही वेळा सोडण्याचे कारण ऑनलाइन मिळालेल्या कागदांतच होते. या सेवा मला उपयोगी वाटल्या का, याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. मात्र यातली प्रत्येक सेवा फक्त स्वतःच्या दप्तरातले सांगते. सातबाऱ्याला साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, ठाऊक नसते, नोंदणी विभागाच्या सूचीला वारस ठाऊक नसतात आणि बँकांच्या नोंदवहीला गावची पतसंस्था ठाऊक नसते. ही गोष्ट मला पहिल्याच जमिनीत कळली असती, तर माझे दोन महिने वाचले असते.

सुरुवात सातबाऱ्यापासून करते. महाभूलेख संकेतस्थळावर मोफत दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो आणि त्याला प्रत्येकी १५ रुपये पडतात. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांसारखे आधी भोगवटादाराचे, म्हणजे जमीनधारकाचे, नाव आणि क्षेत्र पाहायचे. आता मी उतारा खालून वर वाचते. फेरफार म्हणजे नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद. सर्वांत आधी ‘प्रलंबित फेरफार’ या शब्दांपुढे ‘नाही’ लिहिले आहे का ते पाहते, मग शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक, मग ‘इतर अधिकार’ या सदरातील प्रत्येक ओळ, त्यानंतर भूधारणा पद्धती आणि शेवटी नावे. विकास सोसायटीचा इकरार (कर्जाची नोंद), बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा, कुळकायद्याची अट, पुनर्वसनाचा शेरा हे सगळे ‘इतर अधिकार’ या सदरात येते, आणि विकणारा माणूस उताऱ्याची छायाप्रत देतो तेव्हा नेमकी तीच बाजू पुसट आलेली असते, असे मला दोनदा दिसले. दुसऱ्या जमिनीच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ होते. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून अशा जमिनीचे हस्तांतरण होत नाही. “तुम्ही विसार द्या, वर्ग एक करून देण्याचे काम माझ्याकडे,” असे मध्यस्थ म्हणाले, तेव्हा तो विषय आम्ही तिथेच थांबवला.

पहिल्या जमिनीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. उताऱ्यावर सत्तरीच्या एका गृहस्थांचे एकट्याचे नाव, बोजा काही नाही, प्रलंबित फेरफार नाही. “सातबारा कोरा आहे, ताई, एका रुपयाचं कर्ज नाही,” असे ते म्हणाले आणि ते खरेही होते. त्यांच्या नावापुढे कंसात जो फेरफार क्रमांक होता तो बराच जुना होता, म्हणून ‘आपले अभिलेख’ या सेवेवर त्या गावची स्कॅन केलेली जुनी फेरफार नोंदवही मी शोधली. सगळ्या गावांचे जुने कागद तिथे सारख्या प्रमाणात मिळत नाहीत, पण हे पान मिळाले. शाई फुटलेली, वळणदार हस्ताक्षर, उजव्या बाजूला मंजुरीचा शेरा आणि सही. मजकूर असा होता की खातेदार मयत झाले, वारसांनी वर्दी दिली आणि थोरल्या मुलाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून दाखल केले. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आताच्या उताऱ्यावर ती तीन अक्षरे नव्हती, फक्त नाव उरले होते. त्या गृहस्थांना दोन भाऊ आणि एक बहीण होती, भाऊ कामधंद्यासाठी मुंबईला गेले ते तिथेच राहिले आणि पन्नास वर्षांत कोणी हिस्सा मागितला नाही. त्यांनी आम्हाला फसवले, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही, कारण जमीन त्यांनीच कसली होती आणि ती आपलीच आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण व्यवस्थापक म्हणून लागलेल्या नावामुळे बाकीच्या भावंडांचा हिस्सा संपत नाही. तिन्ही शाखांच्या वारसांच्या सह्या मिळाल्याशिवाय ती जमीन घेणे म्हणजे आईच्या गळ्यात दावा बांधणे झाले असते.

म्हणून ज्यांना जमीन घ्यायची आहे त्यांना मी आग्रहाने सांगेन की आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका. त्यावर जेवढे फेरफार क्रमांक छापलेले आहेत, त्यांतला प्रत्येक फेरफार उघडून वाचा, कारण नाव कसे लागले हे फेरफारातच असते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, परंतु त्या नोंदीमुळे कोणाला मालकी मिळत नाही. मालकी खरेदीखत, वाटप, बक्षीसपत्र, वारसा यांतून येते आणि फेरफार हा त्याचा माग असतो.

दुसरे साधन म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा. इथे नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे ‘इंडेक्स टू’ हा दस्ताचा गोषवारा, मोफत पाहता येते. मुंबईची नोंद १९८५ पासून आणि उर्वरित महाराष्ट्राची २००२ पासून उपलब्ध आहे. शोध वर्षागणिक करावा लागतो. म्हणजे वीस वर्षे पाहायची तर तोच जिल्हा, तोच तालुका, तेच गाव आणि तोच क्रमांक वीसदा भरायचा आणि प्रत्येक वेळी कॅप्चा टाकायचा. हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. मी एका वहीत वर्षांचे रकाने आखून ठेवले आणि रोज रात्री पाच-पाच वर्षे पाहिली. क्रमांक कसा लिहायचा, यावर सगळे अवलंबून असते. गट क्रमांकाने काही आले नाही तर जुन्या सर्व्हे क्रमांकाने पाहा, पोटहिस्सा जोडून आणि न जोडता पाहा, शहरात असाल तर सिटी सर्व्हे क्रमांकानेही पाहा. दस्त लिहिणाऱ्याने ज्या क्रमांकाने मिळकत लिहिली असेल त्याच क्रमांकाखाली ती सापडते. सूचीत विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, लिहून देणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे नाव, दस्ताचा आणि नोंदणीचा दिनांक एवढे एका पानावर येते. मी आधी विलेखाचा प्रकार पाहते.

तिसरी जमीन इथे अडली. सातबारा स्वच्छ होता, वारसाची नोंद नीट होती, फेरफार वाचून झाले होते आणि आई तर विहीर पाहून खूश होती. पण ई-सर्चमध्ये तीन वर्षांपूर्वीचे एक नोंदणीकृत साठेखत निघाले. लिहून देणारे तेच, लिहून घेणारा तिसराच माणूस आणि रद्दलेख मात्र पुढच्या कोणत्याही वर्षात नाही. साठेखताने मालकी बदलत नाही, त्यामुळे भोगवटादाराचे नाव बदलण्याचा प्रश्न येत नाही आणि सातबारा पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण साठेखत करून घेतलेला माणूस उद्या न्यायालयात करारपूर्तीचा दावा लावू शकतो. विचारल्यावर उत्तर आले, “तो व्यवहार फिस्कटला, पैसे परत दिले.” तसे झालेही असेल. आम्ही नोंदणीकृत रद्दलेख मागितला, दीड महिना थांबलो, तो आला नाही. आईला वाईट वाटले, मलाही वाटले, पण त्या एका पानाने केवढे संकट टळले याची मला पूर्ण जाणीव आहे.

फ्लॅटचे दुखणे वेगळे असते. तिथे सातबारा कामाचा नसतो, कर्ज शोधावे लागते. घरकर्ज देताना बँक बहुतेक वेळा मूळ कागद ताब्यात ठेवते आणि त्यालाच गहाण म्हणते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना, म्हणजे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, तीस दिवसांत नोंदणी कार्यालयात दाखल करणे बंधनकारक आहे. ती ई-सर्चमध्ये दिसू शकते, म्हणून फ्लॅटच्या बाबतीत मी २०१३ नंतरचे प्रत्येक वर्ष दोनदा तपासले. पहिल्या फ्लॅटवर २०१६ ची अशी एक सूचना मिळाली. विक्रेत्यांनी त्याच बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र दाखवले. पत्र खरे होते. मीही जवळजवळ समाधानी झाले होते.

तरीही खात्री म्हणून सरसाई या केंद्रीय नोंदवहीत शोध घेतला. सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली २०११ मध्ये ही नोंदवही सुरू झाली. बँका आणि गृहकर्ज कंपन्या आपल्याकडील गहाण मिळकती तिथे नोंदवतात आणि सामान्य माणसालाही १० रुपये अधिक कर एवढ्या शुल्कात शोध घेता येतो. मिळकतीच्या वर्णनावरून किंवा कर्जदारावरून, असे शोधाचे दोन मार्ग आहेत. माझ्या मते दोन्ही करावेत, कारण पत्ता प्रत्येक संस्थेने आपल्या परीने लिहिलेला असतो. कुठे इमारतीचे नाव एका शब्दात, कुठे दोन, कुठे सर्व्हे क्रमांक आहे आणि फ्लॅटचा क्रमांकच नाही. मला पत्त्यावरून एक नोंद मिळाली, ती जुन्या बँकेची होती आणि फिटलेली दाखवत होती. कर्जदारावरून शोधल्यावर मात्र दुसरी मिळाली, एका गृहवित्त कंपनीची, आणि ती चालू होती. जुने कर्ज फिटले होते हे खरेच, पण ते नव्या, अधिक रकमेच्या कर्जातून फिटले होते. याबद्दल आम्हाला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. कायद्यानुसार सरसाईतील नोंद ही सर्वांना दिलेली सूचना मानली जाते, म्हणजे ‘मला माहीत नव्हते’ असे खरेदीदाराला नंतर म्हणता येत नाही. दहा रुपयांचा तो शोध न करता आम्ही विसार दिला असता, तर काय झाले असते याचा विचारही नकोसा वाटतो. कर्ज असणे हा दोष नाही, पुष्कळ विक्रेत्यांवर ते असते आणि आपल्या पैशातून ते थेट फेडून कागद सोडवता येतात. लपवलेले कर्ज मात्र आम्हाला चालणारे नव्हते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने दावे शोधता येतात, पण नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहून पाहावे. प्रांत, अपर जिल्हाधिकारी यांच्याकडील महसुली अपिले वेगळ्या प्रणालीत असतात, ती विसरू नयेत. महापालिकेच्या मिळकतकराच्या संकेतस्थळावर थकबाकी कळते, मालकी कळत नाही. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरील नियामक प्राधिकरणाच्या, पानावर विकसकाने दिलेला मालकी हक्काचा अहवाल आणि प्रकल्पावरील बोज्यांची माहिती अवश्य वाचावी. गृहनिर्माण संस्थेची थकबाकी मात्र मला कोणत्याही संकेतस्थळावर मिळाली नाही, त्यासाठी संस्थेच्या सचिवांकडूनच पत्र घ्यावे लागले.

तारखेचा मुद्दा मला सर्वांत उशिरा उमगला. खरेदीचा दस्त झाल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. एवढ्या मुदतीत जुना सातबारा हातात असलेला माणूस नावे बदलली नाहीत म्हणून निर्धास्त राहू शकतो. ‘आपली चावडी’वर गावाच्या अशा नोटिसा दिसतात. म्हणून मी प्रत्येक उतारा तीनदा काढला : पहिल्या भेटीनंतर, विसार देण्याच्या दिवशी सकाळी आणि दस्त नोंदवण्याच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीवर उभे राहून फोनवर. ई-सर्चची चालू वर्षाची नोंदही त्याच वेळी पुन्हा पाहिली.

हे सगळे केले तरी वकिलांचा शोध टाळावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. मुंबईबाहेरचे २००२ पूर्वीचे दस्त पाहायला कार्यालयात जावेच लागते. आमच्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. फरक एवढाच पडला की मी त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने बसले नाही. फेरफारांची यादी, सूचीची पाने आणि सरसाईचा निकाल घेऊन गेले, त्यामुळे त्यांचे प्रश्न पहिल्याच बैठकीत नेमके झाले.

चौथी जमीन आम्ही घेतली. तिच्या ‘इतर अधिकार’ सदरात गावच्या पतसंस्थेचा बोजा होता. सरसाईत तो कुठेच नव्हता, सातबाऱ्यावर मात्र रकमेसह स्पष्ट होता आणि विक्रेत्या काकूंनी तो पहिल्याच भेटीत आपणहून सांगितला होता. विसाराच्या रकमेतून आम्ही धनादेश थेट पतसंस्थेच्या नावाने दिला, दाखला घेतला, बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क या फेरफाराच्या ऑनलाइन अर्ज प्रणालीतून झाला आणि बोजा उतरलेला डिजिटल सातबारा हाती पडल्यावरच खरेदीखत केले. गेल्या आठवड्यात आईच्या नावाचा फेरफार प्रमाणित झाला. तो उतारा मी तिला मोठ्या अक्षरांत छापून दिला. तिने चष्मा लावून आधी ‘इतर अधिकार’ हे सदर वाचले आणि मग स्वतःचे नाव.