कुलूप दिसलं म्हणून ॲडव्हान्स पाठवू नका

तारकर्लीत आमच्या चार खोल्या आहेत, राहायचं आणि घरचं जेवण. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरचं एक कुटुंब बॅगा घेऊन दारात आलं. आमच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या मोबाइलवर मात्र पावती होती आणि साइटवर आमचेच फोटो, अगदी पडवीतल्या झोपाळ्यासकट. नऊ हजार रुपये ॲडव्हान्स भलत्याच माणसाच्या खात्यात गेला होता. आई म्हणाली, "वायच बसा, आधी चाय घेवा." त्या कुटुंबातल्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या खोल्या भरलेल्या, शेवटी शेजारच्या काकांकडे सोय केली.

त्यांच्यातले दादा पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "अहो, साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप होतं की!" माणसं नेमकी इथेच फसतात, म्हणून हे लिहितोय. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातली देवाणघेवाण मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की चोर, याची चौकशी कुणी केलेली नसते. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट देते. साइटचा पत्ता सर्टिफिकेट मागणाऱ्याच्याच ताब्यात आहे ना, एवढंच यंत्र तपासतं, काही मिनिटांत काम होतं. सोय फार चांगली आहे, आमच्या साइटलाही तेच सर्टिफिकेट आहे. पण चोरालाही ते तितक्याच सहज मिळतं. कुलपाबद्दल लोकांचा इतका गैरसमज होता, की गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून ते चिन्ह बदललं.

त्यामुळे पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. त्या भामट्याने आमच्या नावापुढे छोटी आडवी रेघ मारून 'बुकिंग' जोडलं होतं, तेवढ्याने मालक बदलतो. पत्ता कधी नोंदवला ते 'हूइज' या साइटच्या पत्त्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर बघता येतं. हा जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीचा निघाला, आणि पहिल्या पानावर 'पंधरा वर्षं पर्यटकांच्या सेवेत'! सर्टिफिकेटच्या तारखेवरून मात्र काही ठरवू नका, खऱ्या साइटचंही ते वरचेवर नवं होत असतं.

ही साइट त्यांना सापडली ती शोधात सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीतून. मी घरात सगळ्यांना फायरफॉक्स ब्राउझर घालून दिलाय, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं की अशा जाहिराती सहसा दिसत नाहीत. माग काढणारे ट्रॅकरही फायरफॉक्स आणि ब्रेव्ह हे ब्राउझर बऱ्यापैकी अडवतात. पण खोटा मालक ओळखून द्यायचं काम कुठलाच ब्राउझर पुरतं करत नाही.

क्यूआर स्कॅन केल्यावर खातेदाराचं नाव येतं, तिथे थांबा. दादांना परकं नाव दिसलं होतं, "आमच्या अकाउंटंटचं आहे" म्हणून फोनवर पटवण्यात आलं. अशा वेळी गूगल मॅपवरचा किंवा ओळखीतून मिळवलेला नंबर लावून मालकाशी बोला. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे सरकायच्या आत अडवली जाण्याची शक्यता जास्त. पावती, चॅट आणि साइटचा पूर्ण पत्ता जपून ठेवा, तक्रारीत सगळं लागतं.