क्लाऊड शिकायला गेलो आणि नावावर ७२,००० चं कर्ज चढलं

सहा वर्षं खराडीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. कंपनीचे सर्व्हर क्लाऊडवर जायला लागले तेव्हा मॅनेजरने सरळ सांगितलं, नवीन काही शिक, नाहीतर पुढच्या प्रोजेक्टवर घेता येणार नाही. म्हणून एडब्ल्यूएसचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊड सेवेचा, क्लास लावला. हावेपोटी नाही, नोकरी टिकवायला.

फी ७२,०००, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचे १२,९६० यूपीआयने लगेच भरले. बाकीचे "बारा सोपे हप्ते, व्याज नाही".

रात्री पावणेदहाला काउन्सेलरचा फोन. "सर, ओटीपी पटकन सांगा, आज बॅच बंद होतेय." मेसेजमध्ये चक्क लिहिलं होतं, कर्ज करारावर सही करण्यासाठी. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा. "तो सिस्टीमचा फॉरमॅट आहे सर," म्हणाली, आणि मी सहाही आकडे सांगून टाकले. ऑफिसात पासवर्ड रीसेट करताना ओटीपी कुणाला देऊ नका, असं मीच सगळ्यांना बजावतो. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

पाच लेक्चरं लाइव्ह झाली, मग शिकवणारा गायब आणि जुनी रेकॉर्डिंग्ज. लॅबला तीस जणांत एकच लॉगिन, तेही महिन्याभरात बंद. सर्टिफिकेट म्हणून क्लासचीच पीडीएफ! एडब्ल्यूएसचं खरं असोसिएट सर्टिफिकेट १५० डॉलरची परीक्षा पास झाल्यावरच मिळतं. त्याचं व्हाउचर फीमध्ये आहे का, लेखी घ्या. "१०० टक्के प्लेसमेंट"चं करारात "सहाय्य" झालेलं असतं, तेही वाचा.

चौकीत म्हणाले, "सही तुमचीच ना? मग हे दिवाणी." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणाले, ओटीपी तुम्हीच दिलात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला. क्लासने उत्तर दिलं नाही आणि हेल्पलाइनने तक्रारच बंद केली! उत्तर न देणाऱ्याला काहीच नाही? फायनान्स कंपनी म्हणते क्लासशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल. मग माझ्या नावावरचे पैसे थेट क्लासच्या खात्यात टाकले कुणी? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे अटींचं पत्रक द्यावं लागतं, कर्ज रद्द करायला मुदतही असते. मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी मागा. फायनान्स कंपनीकडून लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी गेलोय.

दर ५ तारखेला ६,००० कापले जातात. सहा हप्ते गेले, सहा बाकी. गेल्या आठवड्यात टीममधल्या एका मुलाला त्याच क्लासचा फोन आला. त्याला मी तो मेसेज दाखवला. अजून डिलीट केलेला नाही.