व्हिजिटर व्हिसाची ‘स्पॉन्सरशिप’ : आमची झालेली फसवणूक

मी नोकरीच्या परवान्यावर कॅनडात राहतो आणि माझी होणारी पत्नी इंडोनेशियाची नागरिक आहे. लग्नाआधी तिने काही आठवडे इकडे येऊन इथले जगणे स्वतः पाहावे, एवढीच आमची इच्छा होती. त्यापायी तिच्यावर कॅनडात येण्यास पाच वर्षांची बंदी लागली, आणि ज्याच्यामुळे ती लागली तो माणूस मीच शोधून आणला होता.

त्या सल्लागाराचा नंबर मला एका ओळखीच्या गृहस्थांनी दिला. तो अस्खलित मराठीत बोलला आणि माझी निम्मी सावधगिरी तिथेच गळून पडली. “तुम्ही स्पॉन्सर व्हा, बाकी माझ्यावर सोडा, व्हिसा शंभर टक्के,” असे त्याने सांगितले. खरे तर याच वाक्याला मी थबकायला हवे होते, कारण कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसात स्पॉन्सर असा कोणी नसतोच. पती किंवा पत्नीला कायमच्या वास्तव्यासाठी बोलावताना स्पॉन्सरशिप लागते, आणि तीही माझ्यासारख्या नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्याला करता येत नाही. भेटीला येणाऱ्यासाठी यजमान फार तर निमंत्रणपत्र लिहितो आणि आपल्या उत्पन्नाचे पुरावे जोडतो. मुदत संपताच आपण परत जाऊ, हे मात्र अर्जदारानेच आपली नोकरी, घर आणि कुटुंब दाखवून अधिकाऱ्याला पटवायचे असते. जी गोष्ट मुळातच नव्हती, तिचे त्याने ३,२०० डॉलर सांगितले. सरकारी शुल्क होते १०० डॉलर, आणि बोटांचे ठसे व छायाचित्र यांचे ८५.

पैसे घेऊन असे काम करणारा माणूस वकील, वकिलांच्या संस्थेचा परवानाधारक कायदेसहायक (पॅरालीगल), क्युबेक प्रांताचा नोटरी किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवानाधारक सदस्य असावा लागतो आणि आयएमएम ५४७६ या फॉर्मवर त्याचे नाव नोंदवावे लागते. “त्याने फाइल उगाच रेंगाळते,” असे म्हणून त्याने तो फॉर्म टाळला. अर्जाचे ऑनलाइन खातेही त्याने स्वतःच उघडले आणि ईमेल स्वतःचाच दिला. त्यामुळे कागदोपत्री तो कुठेच नव्हता, आणि तरीही इमिग्रेशन खात्याचे प्रत्येक पत्र त्याच्याचकडे जात होते. भरलेला अर्ज पाहायला मागितला तेव्हा त्याने फक्त शुल्काची पावती पाठवली, आणि आम्ही तेवढ्यावर समाधान मानले.

व्हिसा नाकारला गेला तेव्हा “नशीब खराब, पुन्हा अर्ज करू, अर्ध्या फीमध्ये,” असे त्याने सुचवले. सुदैवाने त्या वेळी मी तिची लेखी संमती घेऊन माहितीच्या अधिकारात अर्जावरील अधिकाऱ्याच्या नोंदी आणि सोबतची कागदपत्रे मागवली. कॅनडात राहणाऱ्याला त्या ५ डॉलर भरून मिळतात. रात्री ती फाइल उघडली. लहान मुलांना पोहायला शिकवणारी माझी होणारी पत्नी तिथे एका कंपनीची वरिष्ठ लेखा व्यवस्थापक होती. तिच्या बँक खात्यात तिने कधी पाहिली नव्हती एवढी शिल्लक दाखवली होती. नोकरीच्या दाखल्यावरचा क्रमांक अधिकाऱ्याने फिरवून पाहिला होता. तो बंद होता. माझे निमंत्रणपत्रही मी लिहिलेले नव्हते, पण खालची सही माझीच होती. सहीच्या शेपटीला शाईचा एक बारीक ठिपका होता, आणि अगदी तसाच ठिपका मी त्याला दिलेल्या घरभाड्याच्या करारावरही होता.

नकार देण्यापूर्वी खात्याने खुलासा मागणारे पत्र पाठवले होते. ते त्याच्या ईमेलवर गेले आणि तिथेच राहिले. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ४०व्या कलमाखाली तिच्यावर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला आणि त्यातूनच पाच वर्षांची बंदी लागली. ही बंदी असेपर्यंत आम्ही लग्न केले तरी तिला कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येणार नाही. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

सल्लागारांच्या नियामक संस्थेकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे मी ई-ट्रान्सफरने स्वतःच्या हाताने पाठवले होते, त्यामुळे बँकेने हात वर केले. परवानाधारक सल्लागारांची यादी कोणालाही मोफत पाहता येते. मी ती पैसे दिल्यानंतर सात महिन्यांनी उघडली, आणि तिच्यात त्याचे नाव नव्हते.

आता रजा साठवून मीच जकार्त्याला जातो. गेल्या आठवड्यात त्याची जाहिरात पुन्हा दिसली. व्यवसायाचे नाव नवे आहे, फोन नंबर मात्र तोच.