टी-३१२ : जर्मन सहाव्या आर्मीचं दप्तर, रिळांवरून

अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जची टी-३१२ ही मायक्रोफिल्म मालिका म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आर्मींच्या मुख्यालयांचं दप्तर. अमेरिकनांच्या हाती लागलेले कागद व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथे ३५ मिमी फिल्मवर उतरवले गेले, मग मूळ कागद पश्चिम जर्मनीला परत गेले. आज ते फ्रायबुर्गच्या बुंडेसआर्काइव्हमध्ये आरएच २० या खुणेखाली असतात. सहावी आर्मी आरएच २०-६. एकच माल दोन ठिकाणी मिळतो म्हणा ना. लढाईचा रोजचा हिशोब लावायला फिल्म पुरते. नकाशांसाठी मात्र ती घेऊ नये, कारण पुढे येईलच.

रिळांची मागणी नोंदवण्याआधी एक गोष्ट पक्की करावी: सहाव्या आर्म्या दोन आहेत. पहिली ऑक्टोबर १९३९ मध्ये दहाव्या आर्मीचं नाव बदलून झाली. रायशेनाऊ आणि नंतर पाउलुस तिचे सेनापती, आणि २ फेब्रुवारी १९४३ ला स्टालिनग्राडमध्ये तिचा शेवट झाला. मार्च १९४३ मध्ये होलिटच्या सैन्यगटाला तेच नाव दिलं गेलं. ही दुसरी आर्मी ऑगस्ट १९४४ मध्ये यास-किशिनेव्हच्या वेढ्यात सापडली आणि तिचे अवशेष पुढे हंगेरीत लढले. रिळांच्या सूचीत दोन्ही 'एओके ६', म्हणजे सहाव्या आर्मीचं मुख्यालय, याच मथळ्याखाली येतात. तारीख न बघता मागवणाऱ्याच्या हाती स्टालिनग्राडच्या व्होल्गाऐवजी हंगेरीतलं बालाटोन सरोवर पडतं.

सूची वापरायची रीत सोपी आहे: आधी फाइलचा क्रमांक, मग रीळ, मग पहिली फ्रेम. फाइल एका रिळाच्या शेवटी सुरू होऊन पुढच्यावर संपत असेल, तर दोन्ही रिळं घ्यावी लागतात. टिपणात रीळ आणि फ्रेम दोन्ही लिहून ठेवावं, नाहीतर तोच कागद पुन्हा शोधताना रीळभर फिरावं लागतं.

नवखा माणूस फक्त 'आय-ए' विभागाची, म्हणजे ऑपरेशन्सची, युद्धदैनंदिनी घेतो आणि तिथेच फसतो. दैनंदिनी हा सारांश असतो. खरा ऐवज तिच्या जोडपत्रांत, सकाळच्या, मधल्या आणि रात्रीच्या अहवालांत. पाव, पेट्रोल, दारूगोळा यांचा हिशोब 'ओ-क्वू' म्हणजे पुरवठाप्रमुखाकडे, शत्रूची माहिती 'आय-सी'कडे, अधिकाऱ्यांच्या नेमणुका 'टू-ए'कडे. स्टालिनग्राडच्या वेढ्यातल्या आर्मीला रोज किमान ३०० टन हवे होते आणि विमानांनी सरासरी जेमतेम १०० टन पोचवले. या आकड्यामागची उपासमार कळायला पुरवठ्याचे कागदच लागतात.

सर्वांत जास्त चुका सैन्यसंख्येत होतात. 'फेरप्फ्लेगुंग्सश्टेर्के' म्हणजे ज्यांना शिधा द्यायचा ती सगळी तोंडं. त्यात कारकून, आचारी, परक्या तुकड्यांची माणसं, कधी रशियन मदतनीसही. 'गेफेख्ट्सश्टेर्के' ही लढाऊ तुकड्यांची संख्या, आणि प्रत्यक्ष खंदकात उभे असणारे त्याहून कमी. एका अहवालातला पहिला आकडा आणि दुसऱ्यातला तिसरा शेजारी ठेवला, की एका आठवड्यात अर्धं सैन्य गारद झाल्याचा भास होतो. बटालियनपुढे आकड्याऐवजी शेराही येतो: ४०० हून जास्त लढवय्ये असतील तर 'श्टार्क', १०० ते २०० म्हणजे 'श्वाख', १०० च्या खाली 'आबगेकेम्फ्ट', म्हणजे झिजून संपलेली. नोव्हेंबर १९४२ चे आठवडी अहवाल वाचताना हा तक्ता समोर हवाच.

वेळेचंही तसंच. कागद जर्मन वेळेत आहेत. १९ नोव्हेंबर १९४२ ची सोव्हिएत तोफांची सरबत्ती मॉस्कोच्या घड्याळात सकाळी साडेसातच्या सुमाराची, जर्मन घड्याळात साडेपाचची. पण जर्मनीची उन्हाळी वेळ १९४० पासून सलग चालली आणि २ नोव्हेंबर १९४२ ला संपली. त्यामुळे ऑक्टोबरात फरक एकच तासाचा. सगळीकडे दोन तास धरले, तर ऑक्टोबरातल्या स्टालिनग्राडच्या कारखान्यांमधल्या लढाईचा क्रम विस्कटतो.

आता नकाशे. जर्मन रिवाजात आपलं सैन्य निळं, शत्रू लाल. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर दोन्ही करडे. आघाडीच्या दोन रेषा एकमेकींत गुंतल्या, की कुठली कोणाची हे खुणांवरून ताडावं लागतं. कडेला पेन्सिलीने जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात टिपा असतात. मोडीसारखंच, सवय असेल तर वाचता येतं, नाहीतर नुसत्या रेघोट्या. नकाशांसाठी फ्रायबुर्गचे मूळ कागद किंवा त्यांची रंगीत स्कॅन प्रतच बघावी.

सर्वांत मोठी उणीव फिल्मची नाही, कागदांची आहे. १० ऑक्टोबर १९४१ चा रायशेनाऊचा हुकूम, ज्यात ज्यूंवरच्या 'कठोर पण न्याय्य' शिक्षेची गरज सैनिकांनी समजून घ्यावी असं बजावलं होतं, तो सैन्याचाच कागद. पण २९-३० सप्टेंबर १९४१ ला कीव्हमधल्या बाबी यार या घळीत मारलेल्या ३३,७७१ ज्यूंचा आकडा येतो एसएस या नाझी संघटनेच्या अहवालांतून, आणि ते टी-१७५ या वेगळ्या मालिकेत आहेत. कीव्ह या आर्मीच्याच हद्दीत होतं. केवळ टी-३१२ वाचून सहाव्या आर्मीचा इतिहास लिहिला, तर तो नदी ओलांडणं, पूल आणि पेट्रोल एवढाच उरतो. असे इतिहास बरेच लिहिले गेलेही.

खिंडारं ठाऊक असावीत. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन लष्करी अभिलेखागारात आग लागली, त्यात पोलंड आणि फ्रान्स मोहिमांचे बरेच कागद गेले. स्टालिनग्राडच्या वेढ्यातल्या अनेक डिव्हिजननी आपले कागद स्वतःच जाळले. तिथे मानश्टाइनच्या डॉन आर्मी ग्रुपची रिळं, टी-३११, कामी येतात, कारण वेढ्यातून आलेले बिनतारी संदेश तिकडे पोचत होते. याशिवाय पोदोल्स्कच्या रशियन लष्करी अभिलेखागारातले जर्मन कागद, फोंड (संग्रह) ५००, सुमारे २८ हजार फाइली, रशियन-जर्मन प्रकल्पातून इंटरनेटवर फुकट आणि रंगीत मिळतात. तिथला शोध किचकट आहे, पण पैसे खर्च करण्याआधी तिथे एक फेरी मारावी.

मागवायचा क्रम असा ठेवावा: आधी पुरवठाप्रमुखाची जोडपत्रं, मग 'आय-सी', आणि 'आय-ए'ची दैनंदिनी सर्वांत शेवटी.