जुना थिंकपॅड टी४८० आणि डेबियन, आठ महिन्यांनंतर (सेकंडहॅन्ड घेणार असाल तर बॅटरीचा भाग आधी वाचा)

लेनोव्होचा हा सेकंडहॅन्ड लॅपटॉप मागच्या जुलैत घेतला, त्यावर डेबियन (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, आता मार्च संपत आलाय, म्हणजे धरा आठ महिने. एवढ्यात एक अख्खं सेमिस्टर, दुसरं निम्मं, एक मिनी प्रोजेक्ट आणि एकदा कीबोर्डवर चहा सांडणं एवढं सगळं होऊन गेलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घेतल्यावर दोन दिवसांत "एकदम भारी, डोळे झाकून घ्या" लिहिणारे खूप असतात, मी शोधत होते तेव्हा मला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

मी ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) सेकंड इयरला, पुण्यात, घर कराडला. पप्पांनी पंचेचाळीस हजार बाजूला काढून ठेवले होते आणि मामाचं एकच पालुपद, इंजिनिअरिंग म्हणजे ग्राफिक कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच पाहिजे. मला मात्र लिनक्सच चालवायचं होतं. पहिल्या वर्षी कॉलेजात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचं ट्रेनिंग झालं होतं, त्यात मराठी आवाजातले व्हिडिओ होते, तिथून गोडी लागली. आणि खरं कारण सांगू का, होस्टेलवर सगळ्यांकडे सगळी सॉफ्टवेअर क्रॅक केलेली, एकाच पेन ड्राइव्हवरून ती मजलाभर फिरतात आणि त्याबरोबर व्हायरसही. सबमिशनच्या आदल्या रात्री एकीच्या सगळ्या फाइल्सचे शॉर्टकट झालेले मी डोळ्यांनी बघितलेत. ते नको होतं.

तर पहिला धडा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मिळाला. रूममेटने नवाकोरा लॅपटॉप घेतला, कंपनीचं नाव सांगत नाही, आणि माझ्या नादाने त्यावर डेबियन १२ टाकायला बसलो. सगळं झालं आणि वायफायच दिसेना. चिप इतकी नवी की डेबियन १२ च्या ६.१ कर्नलमध्ये (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात) तिचा ड्रायव्हरच नव्हता. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं, बॅकपोर्ट्समधलं (जुन्या डेबियनसाठी नवीन सॉफ्टवेअर मिळतं त्या साठ्यातलं) नवीन कर्नल टाकलं तेव्हा कुठे चाललं, पण त्यात रात्रीचे दोन वाजले आणि बिचारीने दुसऱ्या दिवशी परत विंडोज टाकून घेतलं. त्यात तिचीही चूक नाही आणि डेबियनचीही नाही, डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये आणि चिप त्याच्यानंतरची. पण मला एक कळलं की लिनक्ससाठी लॅपटॉप बघताना रॅम किती नि प्रोसेसर कुठला हे दुकानातला पोरगा सांगतोच, आपण विचारायचं ते आत वायफायची चिप कुणाची आणि वेगळं ग्राफिक कार्ड आहे का. मी ठरवून टाकलं की वायफाय इंटेलचं, ग्राफिक्स इंटेलचं प्रोसेसरमधलंच, एनव्हिडिया नको म्हणजे नको. टी४८० मध्ये एनव्हिडियाच्या एमएक्स१५० कार्डवालं मॉडेलपण येतं, ते मी मुद्दाम टाळलं. मामा अजून बोलून दाखवतो.

टी४८० हे २०१८ चं मॉडेल आहे. ऑफिसांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेले असे लॅपटॉप रीफर्बिश्ड म्हणून विकायला येतात. प्रोसेसर आय५, आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ लाही चालतो, त्यामुळे उद्या विकायचा झाला तरी गिऱ्हाईक मिळेल. सातव्या पिढीचे आणखी स्वस्त पडतात कारण विंडोज ११ च्या यादीत ते बसत नाहीत आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फक्त लिनक्सच चालवणार असाल तर तुमच्यासाठी ती चांदीच आहे.

दुकानात जाताना मी पेन ड्राइव्हवर डेबियनचं लाइव्ह टाकून नेलं होतं. हे कराच. काही इन्स्टॉल होत नाही, पेन ड्राइव्हवरूनच सगळं चालू होतं, दहा मिनिटांत वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, झाकण लावून परत उघडणं हे सगळं बघून होतं. दुकानातले दादा आधी जरा नाराज झाले, "ताई, विंडोज चालू आहे की, बघा ना त्यात", मग स्वतःच खुर्ची ओढून बसले बघायला. तीन पीस बघितले. एकाचं यूएसबी-सी पोर्ट ढिलं होतं, एकाची स्क्रीन कोपऱ्यात पिवळी, तिसरा घेतला. १९,५०० ला, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. रॅमचे दोन स्लॉट असतात, दुसरा रिकामा होता, त्यात नंतर आणखी ८ जीबी घातली. उरलेल्या पैशातलं पप्पांना परत दिलं तर त्यांना वाटलं फसवून घेऊन आली पोरगी.

आणि फसलेच, पण त्यांना वाटलं तिथे नाही. ह्या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, एक आत बसवलेली २४ वॉट-अवरची आणि एक मागून काढता-घालता येणारी, ती २४, ४८ किंवा ७२ ची मिळते. लॅपटॉप चालू असतानाच बाहेरची काढून दुसरी लावली तरी बंद पडत नाही, आतली तेवढा वेळ सांभाळते. लय सोय आहे. दुकानात मी कोपऱ्यात १०० टक्के दिसलं आणि पुढे गेले. घरी येऊन बघितलं तर आतल्या बॅटरीची मूळ क्षमता २४ आणि आता पूर्ण भरल्यावर उरलेली जेमतेम १३. बाहेरची तर डुप्लिकेटच निघाली, कंपनीच्या नावाच्या जागी काहीतरी अगम्य अक्षरं आणि सायकल काउंट (किती वेळा चार्ज झाली तो आकडा) शून्य. दोन महिने बरी चालली, मग गणपतीच्या सुट्टीत एसटीत प्रोजेक्टचं लिहीत होते तर ४० टक्क्यांवरून एकदम शून्य. दुकानदार म्हणाला, बॅटरीला वॉरंटी नसते. बिलावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, मीच वाचलं नव्हतं. नवीन बॅटरीला अडीच हजार गेले. लाइव्ह पेन ड्राइव्हमध्येच पॉवर मॅनेजर उघडला की 'फुल' आणि 'डिझाइन' असे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात, अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढं केलं असतं तर किमतीत घासाघीस तरी झाली असती.

आता टीएलपी नावाचं बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलंय, थिंकपॅडला ते कर्नलमधूनच जमतं, होस्टेलवर दिवसभर प्लग लावून ठेवला तरी जिवाला घोर नाही. दोन्ही मिळून पाच-साडेपाच तास निघतात, लेक्चर आणि लॅबला पुरतात.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहीत नाही कारण काही घडलंच नाही. पूर्वी डेबियनमध्ये इंटेलच्या वायफायचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) वेगळं डाउनलोड करून द्यावं लागायचं, २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन नियम बदलला आणि १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. डेस्कटॉप एक्सएफसीई, हलकं आहे. बायॉसचे (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेटसुद्धा विंडोजशिवाय मिळतात, लेनोव्हो २०१८ पासून एफडब्ल्यूयूपीडी ह्या लिनक्सच्या फर्मवेअर-अपडेट टूलवाल्या सर्व्हिसवर टाकते. एक मात्र लक्षात ठेवा, ह्या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट (यूएसबी-सी आकाराच्या वेगवान) पोर्टसाठी कंपनीने स्वतःच क्रिटिकल फर्मवेअर अपडेट काढला होता, तो न घातलेल्या पीसमध्ये यूएसबी-सी पोर्ट बिघडू शकतं, आणि चार्जिंगही यूएसबी-सीनेच होतं. घेतल्या घेतल्या तो झालाय का बघा.

आता मुख्य मुद्दा, कॉलेजचा अभ्यास होतो का. बराचसा होतो. आणि काही ठिकाणी तर इतरांपेक्षा सोपा होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या स्वस्तातल्या आर्डुइनोवर (प्रोजेक्टसाठीचा छोटा सर्किट बोर्ड) सीएच३४० नावाची यूएसबीची चिप असते, ग्रुपमधले तिघं त्याचा ड्रायव्हर शोधत बसले होते, माझ्याकडे लावला आणि पोर्ट दिसलं, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. अपलोड करताना मात्र परमिशन डिनाइड आलं, त्यासाठी स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) घालून लॉगआउट-लॉगिन करावं लागतं. हे मला माहीत नव्हतं, अर्धा तास मी केबललाच शिव्या देत होते.

मॅटलॅब ह्या गणिताच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या जागी फुकटातलं ऑक्टेव्ह. सिग्नल्स अँड सिस्टिम्सचे सगळे प्रॅक्टिकल्स त्यात झाले, सिग्नल आणि कंट्रोल ही पॅकेजेस वेगळी टाकून दर वेळी वर लोड करायची, बाकी कोड जवळपास तोच. सिम्युलिंकला (मॅटलॅबमधलं ब्लॉक जोडून सिम्युलेशन करायचं साधन) मात्र ऑक्टेव्हमध्ये काही नाही, त्यासाठी सायलॅबमधलं एक्सकॉस बघितलं, चालतं, पण ब्लॉकची नावं वेगळी असल्यामुळे सरांच्या जर्नलमधल्या चित्राशी जुळवताना डोकं उठतं.

८०५१ ह्या मायक्रोकंट्रोलर चिपची गंमत वेगळीच. तिचा कोड कंपाइल करायला लॅबला कील आहे, मी रूमवर एसडीसीसी हा फुकट कंपायलर वापरते. कीलमध्ये पोर्टची पिन पी-वन, टोपी (^), शून्य अशी लिहितात. एसडीसीसीला टोपी कळत नाही, तिथे पी-वन अंडरस्कोर शून्य, हेडर फाइलचं नावही वेगळं. सुरुवातीला वैताग आला, मग दोन्हीकडे चालेल अशी एक छोटी फाइल करून ठेवली. त्या नादात प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये बदल करणारा भाग) म्हणजे काय ते खरं कळलं, जे पहिल्या वर्षी टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर नुसतं पाठ केलेलं होतं.

मिनी प्रोजेक्टला पीसीबी (सर्किट बोर्ड) कायकॅड ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. इथे डेबियनने खरंच अडवलं. डेबियन १२ मध्ये कायकॅड ६ आणि ग्रुपमधल्या मुलाकडे विंडोजवर कायकॅड ९, त्याची फाइल माझ्याकडे उघडेचना, जुन्या व्हर्जनला नवीन फॉरमॅट कळत नाही. डेबियन स्टेबल म्हणजे हेच, दोन वर्षं सगळं गोठलेलं. एरवी मला ते आवडतं, परीक्षेच्या आठवड्यात काही आपोआप बदलत नाही, पण ग्रुपमध्ये काम करताना गोची होते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून अपग्रेड केलं, कराडच्या नेटवर अख्खी दुपार गेली, आई मधेमधे येऊन विचारायची "झालं का गं तुझं". त्यात कायकॅड ९ मिळालं आणि तेव्हापासून फायली इकडून तिकडे नीट जातात. आत्ताच घेणारे सरळ १३ टाका.

जे होत नाही तेही सांगते. प्रोटिअस (सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) होत नाही, ते लॅबमध्येच करते. आणि आमची एक ऑनलाइन टेस्ट कॅमेरा चालू ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर झाली, ते फक्त विंडोजवर. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालवलेल्या विंडोजमध्ये) टाकलं तर त्याने ओळखलं आणि बाहेर काढलं. मॅडमना आधी सांगितलं असतं तर लॅबचा पीसी मिळाला असता, मी टेस्टच्या वीस मिनिटं आधी सांगितलं, मग मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दुसऱ्या बॅचला दिली. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा, अशी टेस्ट कशावर असणार आहे.

झेरॉक्सच्या दुकानात लिबरऑफिसची फाइल वर्डमध्ये उघडली की मार्जिन हलतात, म्हणून कायम पीडीएफ नेते, बास, विषय संपला. मराठी टायपिंगला आयबस आणि इनस्क्रिप्ट, ॲ आणि ऱ्य दोन्ही नीट येतात. गॅदरिंगचं सूत्रसंचालन ह्यावरच लिहिलं.

फिंगरप्रिंट सेन्सर चालत नाही. ह्या मॉडेलच्या सेन्सरला लिनक्सच्या नेहमीच्या लायब्ररीत सपोर्ट नाही हे मला आधीच ठाऊक होतं, लोकांनी स्वतंत्र काहीतरी करून चालवलंय, मी त्या फंदात पडले नाही, पासवर्ड टाकते. स्क्रीन फिकट आहे, गॅलरीत बसून काही दिसत नाही. कीबोर्ड मात्र, काय सांगू, असा कीबोर्ड मी कशालाच बघितला नाही. चहा सांडला तेव्हा लगेच बंद करून बॅटरी काढली, खाली पाणी निघून जायला भोकं दिलेली असतात, दोन दिवस वाळवला. फक्त स्पेसबार जरा चिकट झालाय.

एक आमचे सीनियर आहेत, ते म्हणतात हा काही खरा 'मुक्त' (सगळा सोर्स कोड खुला असलेला) लॅपटॉप नाही. बरोबरच आहे त्यांचं. वायफायच्या फर्मवेअरचा कोड खुला नाही, प्रोसेसरबरोबर इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (आपल्या ताब्यात नसलेला, खुला नसलेला आतला छोटा कंट्रोलर) आहे, बायॉस कंपनीचा. ते स्वतः २००८ चा एक्स२०० थिंकपॅड वापरतात, लिबरबूट (बायॉसच्या जागी टाकायचं मुक्त सॉफ्टवेअर) टाकलेला, फर्मवेअर न लागणारं अथेरॉसचं वायफाय बसवलेला, आणि त्यावर ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की पंखा विमानासारखा. डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीपासून लिबरबूट टी४८० लाही चालतं, पण ते टाकण्यासाठी लॅपटॉप उघडून बायॉसच्या चिपला क्लिप लावावी लागते. अजून दोन वर्षं डिग्री बाकी आहे, ह्यात काही बिघडवलं तर पप्पांना काय तोंड दाखवू. शेवटच्या वर्षाचं शेवटचं सबमिशन झालं की बघू.

ह्या रविवारी ज्युनिअरबरोबर त्याच दुकानात जायचंय, तिलाही टी४८० च हवाय. पेन ड्राइव्हवर डेबियन १३ टाकून ठेवलंय. तिला सांगितलंय, दादांनी किंमत सांगायच्या आधी आपण बॅटरीचे ते दोन आकडे स्क्रीनवर आणायचे आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून ठेवायचा.